पिंपरी कॅम्प, थॅलेसेमिया आणि शरीरात साठणारे लोह

फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या कुटुंबांची सोय तेव्हाच्या मुंबई प्रांतात ठिकठिकाणी झाली. कल्याणजवळच्या लष्करी छावणीचे पुढे उल्हासनगर झाले. पुण्याजवळ पिंपरीला वस्ती झाली, तिला लोक आजही ‘पिंपरी कॅम्प’ म्हणतात. घर, जमीन, दुकान मागे राहिले. काहींच्या रक्तात मात्र एक गोष्ट नकळत सोबत आली. ती म्हणजे थॅलेसेमियाचा जनुक.

या आजारात शरीराला हिमोग्लोबिन नीट बनवता येत नाही. सदोष जनुक आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आला तर त्याला ‘मायनर’ किंवा वाहक म्हणतात. असा माणूस ठणठणीत असतो, बहुतेकदा त्याला काही माहीतही नसते. दोघांकडून आला तर ‘मेजर’. असे बाळ जन्मतः छान दिसते, पण साधारण सहा महिन्यांनंतर पांढरे पडू लागते, दूध पीत नाही, पोट फुगते.

अमेरिकेत डेट्रॉइटच्या डॉ. थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. त्यांचे रुग्ण भूमध्य समुद्राकाठच्या देशांतून आलेल्या कुटुंबांतले होते, म्हणून ‘थॅलासा’ (समुद्र) या ग्रीक शब्दावरून नाव पडले. मग सिंधी, पंजाबी, लोहाणा, बंगाली समाजांत तो का? याचे उत्तर जे. बी. एस. हाल्डेन यांनी १९४९ मध्ये सुचवले. मलेरियाच्या प्रदेशात वाहक माणसे मलेरियातून जास्त वाचली, म्हणून पिढ्यानपिढ्या हा जनुक टिकला. म्हणजे जो जनुक आज नातवाला त्रास देतो, त्यानेच कधीकाळी पणजोबांना वाचवले असेल. यात कुणाच्या घराण्याला नाव ठेवण्यासारखे काही नाही. भारतात सरासरी ३ ते ४ टक्के लोक वाहक आहेत. सिंधी समाजात प्रमाण बरेच जास्त आहे, पण मराठी घरांतही वाहक असतात.

कॅम्पच्या सुरुवातीच्या वर्षांत अशा बाळांसाठी करण्यासारखे फार थोडे होते. पुढे नियमित रक्त देणे सुरू झाले, मुले शाळेत जाऊ लागली, आणि मग दुसरेच संकट उभे राहिले. रक्ताच्या एका पिशवीतून साधारण २०० मिलिग्रॅम लोह शरीरात जाते. शरीर दिवसाला जेमतेम १ ते २ मिलिग्रॅम लोह बाहेर टाकते. उरलेले यकृतात, हृदयात, ग्रंथींमध्ये साठते. रक्तामुळे वाचलेली मुले पंधराव्या-विसाव्या वर्षी हृदय बंद पडून जाऊ लागली.

हे लोह बाहेर काढणारे पहिले परिणामकारक औषध, डेस्फेरॉल, १९६० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीकडून आले. ते मिळाले स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या एका जिवाणूपासून. पिंपरीकरांना हे कुळ परके नाही. १९५४ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये पेनिसिलिननंतर स्ट्रेप्टोमायसिन बनू लागले, ते याच कुळातल्या जिवाणूपासून. पेनिसिलिनचाही या रुग्णांशी जवळचा संबंध आहे. ज्यांची प्लीहा काढावी लागते, त्यांना जंतुसंसर्ग टाळण्यासाठी पेनिसिलिनच्या गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात.

पण डेस्फेरॉल घेणे म्हणजे दिव्य होते. पोटाच्या कातडीखाली सुई टोचायची, छोटा पंप लावायचा, आठ ते बारा तास तसेच झोपायचे, आठवड्यातून पाच-सहा रात्री. खर्च बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचा. ज्या मुलांनी पंप टाळला त्यांना हट्टी म्हटले गेले. मला ते अन्यायाचे वाटते. रोज रात्री स्वतःला सुई टोचून घ्यायला किती मोठी माणसे तयार होतील?

ही कोंडी फोडण्यात भारताचा वाटा मोठा आहे. डेफेरिप्रोन ही तोंडाने घ्यायची गोळी जगात सर्वप्रथम भारतात परवाना मिळून बाजारात आली, १९९० च्या दशकाच्या मध्यावर, सिप्लाकडून ‘केल्फर’ नावाने. युरोपात ती १९९९ मध्ये आणि अमेरिकेत २०११ मध्ये मंजूर झाली. गोळीलाही धोके आहेत. सांधे दुखतात, क्वचित पांढऱ्या पेशी एकदम घटतात. म्हणून ती घेणाऱ्याने रक्ततपासणी चुकवू नये, आणि ताप आला तर गोळी थांबवून त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. पुढे दिवसातून एकदा घ्यायचे डेफेरासिरॉक्स आले.

रक्त सुरक्षित व्हायलाही वेळ लागला. दात्याच्या रक्ताची एचआयव्ही तपासणी १९८९ मध्ये सक्तीची झाली, पैसे घेऊन रक्त देण्यावर १ जानेवारी १९९८ पासून बंदी आली.

आज मेजर रुग्णाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. रक्त देण्याआधीचे हिमोग्लोबिन ९ ते १०.५ च्या दरम्यान राहावे. ते ७ वर येईपर्यंत ‘चालतंय’ म्हणून ओढत नेऊ नये. फेरिटिन दर तीन महिन्यांनी पाहावे. लोहाचे टॉनिक मेजर रुग्णाने डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय कधीही घेऊ नये. वाहकांचे हिमोग्लोबिनही थोडे कमी असते आणि त्यांना वर्षानुवर्षे लोहाच्या गोळ्या दिल्या जातात. आधी फेरिटिन तपासून घ्या.

नोकरीचे काय, हा प्रश्न मला आजाराइतकाच विचारला जातो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमियाचा समावेश झाला. ४० टक्के किंवा जास्त अपंगत्वाचे प्रमाणपत्र असेल तर सरकारी उच्च शिक्षणसंस्थांत आरक्षण मिळते. सरकारी नोकरीतील आरक्षणाच्या कलमात मात्र रक्ताच्या आजारांचे नाव नाही. आणि चाकणच्या कारखान्यात कंत्राटी कामगार असाल, तर रक्ताच्या दिवसाची रजा बहुतेकदा सुपरवायझरच्या मनावर असते. तारखा आधीच ठरलेल्या असतात, तेव्हा डॉक्टरांचे पत्र देऊन त्या दिवशी शिफ्ट बदलून मागा.

चाकण, भोसरीत आता देशभरातून माणसे येतात. विदर्भातून येणाऱ्या काही कुटुंबांत सिकलसेलचा जनुक असतो. एक जोडीदार सिकलसेल वाहक आणि दुसरा थॅलेसेमिया वाहक असेल, तरी मुलाला गंभीर आजार होऊ शकतो. दोघेही थॅलेसेमिया वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात मेजर मूल होण्याची शक्यता २५ टक्के असते. हिमोग्लोबिन ए-टू ही एक रक्तचाचणी वाहक ओळखते. लग्नाआधी करावी, राहिली असेल तर गरोदरपणाच्या पहिल्याच भेटीत. बायको वाहक निघाली तर नवऱ्याचे रक्त त्याच आठवड्यात तपासा, कारण वारेचा अंश घेऊन बाळाची तपासणी साधारण ११ ते १४ आठवड्यांत करायची असते.