राजाचा गळ आणि मृगातली गैरहजेरी

गेल्या एप्रिलमध्ये कॅनडातल्या भाच्याचा फोटो आला. कमरेइतक्या पाण्यात उभा, काठावर अजून बर्फ, आणि हातात चांगला हातभर लांब चंदेरी मासा. खाली लिहिलं होतं, "मामा, चार दिवस थंडीत कुडकुडलो, एकच मासा मिळाला, तोही सोडून दिला!" घरात सगळे हसले. आमच्या परभणीत एप्रिल म्हणजे भट्टी, आणि हा पठ्ठ्या बर्फात!

रात्री फोनवर त्याने सगळं समजावून सांगितलं. ब्रिटिश कोलंबियाच्या उत्तरेला स्कीना नावाची मोठी नदी आहे. तिच्या उपनद्यांत वसंतात स्टीलहेड मासे चढतात. हा मासा नदीत जन्मतो, समुद्रात जाऊन वाढतो आणि अंडी घालायला परत नदीत येतो. तिथले बहुतेक सामन मासे अंडी घातल्यावर मरतात, पण स्टीलहेड जगला तर पुन्हा समुद्र गाठतो. म्हणून गळाला लागलेला रानटी स्टीलहेड सोडूनच द्यावा लागतो, तसा नियमच आहे.

"पण मामा, हे गळ टाकण्याचं वेड गोऱ्या साहेबांचंच. आपल्याकडे कुठे होतं?"

मी म्हटलं, थांब जरा.

बी.ए.ला मराठी वाङ्मयाच्या इतिहासात 'मानसोल्लास' हे नाव आम्ही पाठ केलं होतं. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर, त्याचा हा संस्कृत ग्रंथ इ.स. ११२९ च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजचं बीदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. त्यात जुन्या मराठी पद्याचा नमुना आहे, एवढं परीक्षेला पुरत असे. पुढे तीसेक वर्षं मी वर्गात चालुक्य शिकवले ते लढायांचे आणि देवळांचे.

निवृत्तीनंतर कळलं की या ग्रंथाचे पाच भाग, प्रत्येकात वीस अध्याय, आणि चौथा भाग सगळा करमणुकीचा. त्यात मासेमारीचाही विनोद आहे! विनोद म्हणजे इथे करमणूक. मासे समुद्रातले कोणते, नदीतले कोणते, खवल्यांचे कोणते, बिनखवल्यांचे कोणते, कुणाला काय खायला आवडतं, काठी, दोरी, गळ, आमिष... सगळं राजाने लिहून ठेवलंय. बडोद्याच्या गायकवाड ओरिएंटल सिरीजमध्ये हा ग्रंथ १९२५ पासून छापला गेला. प्राणिशास्त्रज्ञ सुंदरलाल होरा यांनी १९५१ मध्ये या प्रकरणावर लेख लिहिला. म्हणजे साहेब यायच्या कितीतरी आधी आपल्याच भागातला राजा गळ टाकून बसत होता.

पण राजाला हे सांगितलं कुणी? कुठला मासा काय खातो हे सिंहासनावर बसून कळत नाही. पाण्यात उभं राहणाऱ्यांनीच सांगितलं असणार. त्यांची नावं मात्र ग्रंथात नाहीत.

पुढे इंग्रजी अमदानीत कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांची वर्णनं १८३९ मध्ये प्रसिद्ध केली. त्यांनी नावं लोकांच्या तोंडची घेतली. शिंगटी, कोळस, खुदरी, नुक्ता ही आपली नावं आजही माशांच्या शास्त्रीय नावांत आहेत. शब्द राहिले, सांगणारे इथेही विसरले गेले.

हे वाचताना मला एक मुलगा आठवला. १९८० च्या सुमाराची गोष्ट. गोदाकाठच्या एका गावात मी शिकवत होतो. भोयाच्या घरचा मुलगा, वर्गात गप्प. शाळा उघडली की मृगाच्या पावसात हा आठ-आठ दिवस गैरहजर. एकदा मी त्याला बाकावर उभं केलं. तो म्हणाला, "गुर्जी, पाणी आलं की मासा चढतो. आठ दिवसच असतेत. बाप एकटा पुरत न्हाई."

मी सगळ्या वर्गासमोर म्हणालो, "मासे धरून कुणी राजा होतं का रे?" पोरं हसली. सातवीनंतर तो शाळेत आला नाही.

तो सांगत होता ती चढण म्हणजे भाच्याच्या स्टीलहेडचीच गोष्ट. आपल्या माशांना समुद्र दूर, पण पहिल्या पुराचं गढूळ पाणी आलं की तेही प्रवाहाविरुद्ध उथळ पाण्याकडे निघतात, पोटात गाभोळी घेऊन. वाटेत भिंत आली की संपलं. पूर्णेवर येलदरी १९६८ मध्ये झालं, गोदावरीवर पैठणला जायकवाडी १९७६ मध्ये. त्याचा बाप मला एकदा म्हणाला होता, "धरण झाल्यापासून नदीला पहिल्यासारखी जाग येत न्हाई." मी मान हलवली आणि पुढे गेलो. धरणाच्या पाण्याने शेतं भिजली, तेही खरंच आहे. पण त्याच्या घरातलं काय गेलं हे विचारायचं मला सुचलं नाही.

मी त्या पोराला प्रश्न विचारला तेव्हा उत्तर साडेआठशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलेलं होतं. राजाच मासे धरत होता! त्या दिवशी मला ते माहीत असतं, तर त्याला बाकावर नव्हे, फळ्यापाशी उभं केलं असतं. म्हटलं असतं, सांग रे पोरांना, कुठला मासा कधी चढतो.

भाच्याला एवढंच कळवलं, पुढच्या खेपेला परभणीला येशील तेव्हा मृगात ये. गंगाखेडला नदीवर जाऊ. गळ आणू नकोस, काठावर बसून ऐकायला वेळ घेऊन ये.

असो. तुमच्या गावच्या नदीत कुठले मासे चढायचे, त्यांना काय म्हणायचे, घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून जरूर कळवा.