रनिंग जास्त असणाऱ्यांनी कॉम्पॅक्ट एसयूव्ही कशी निवडावी?

मोटार विकत घेताना ग्राहकाचा पहिला प्रश्न किमतीचा असतो आणि दुसरा अ‍ॅव्हरेजचा. वर्षाला आठ-दहा हजार किलोमीटर गाडी चालविणाऱ्याचे या दोन प्रश्नांच्या उत्तरांवर भागते. मात्र औषध कंपन्यांचे प्रतिनिधी, विमा सर्वेक्षक, बांधकाम कंत्राटदार, शेतमालाचे व्यापारी, तसेच नोकरी एका शहरात आणि घर दुसऱ्या शहरात असलेले अनेक जण वर्षाकाठी तीस ते चाळीस हजार किलोमीटरचे अंतर कापतात. पाच वर्षांत हा आकडा दीड ते दोन लाख किलोमीटरच्या घरात जातो. एवढ्या अंतरात इंधनावर होणारा खर्च कधी कधी मोटारीच्या मूळ किमतीइतका भरतो. त्यामुळे अशा ग्राहकाची निवड चुकली, तर ती चूक दर महिन्याच्या खर्चात दिसते आणि पाठीच्या मणक्यातही जाणवते.

खराब रस्ते, उंच आसन आणि आटोपशीर लांबी यांमुळे या वर्गातील अनेक जण कॉम्पॅक्ट एसयूव्हीला पसंती देतात. ती पसंती योग्य की अयोग्य, हे गाडी किती धावणार यापेक्षा कोणत्या रस्त्यावर आणि कशी धावणार यावर अधिक अवलंबून आहे.

‘कॉम्पॅक्ट’ म्हणजे काय?

कॉम्पॅक्ट एसयूव्ही हा प्रकार भारतात मुख्यतः करप्रणालीमुळे घडला. २००६-०७ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तत्कालीन अर्थमंत्री पी. चिदंबरम यांनी छोट्या मोटारींवरील उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणले. लांबी चार मीटरपर्यंत आणि इंजिन पेट्रोलचे असल्यास १२०० सीसीपर्यंत, डिझेलचे असल्यास १५०० सीसीपर्यंत, अशी त्यासाठी अट होती. चिंचवडच्या प्रीमियर कंपनीने २००९ मध्ये ‘रिओ’ ही चार मीटरच्या आतील एसयूव्ही बाजारात आणली. या प्रकाराला खरी लोकप्रियता मिळाली ती २०१३ मधील फोर्ड ‘इकोस्पोर्ट’मुळे. त्यानंतर मारुती ‘व्हिटारा ब्रेझा’ (२०१६), टाटा ‘नेक्सॉन’ (२०१७), महिंद्रा ‘एक्सयूव्ही ३००’ व ह्युंदाई ‘व्हेन्यू’ (२०१९) आणि किया ‘सोनेट’ (२०२०) या गाड्या आल्या.

वस्तू व सेवा करातही लांबी आणि इंजिनाची ही मर्यादा कायम राहिली. २२ सप्टेंबर २०२५ पासून या मर्यादेत बसणाऱ्या मोटारींवर १८ टक्के, तर त्यापलीकडील मोटारींवर ४० टक्के कर आकारला जाऊ लागला. म्हणूनच ब्रेझाची लांबी चार मीटरच्या आत असली, तरी १४६२ सीसीच्या पेट्रोल इंजिनामुळे ती वरच्या करटप्प्यात गेली. याउलट नेक्सॉन, ‘एक्सयूव्ही ३एक्सओ’, व्हेन्यू आणि सोनेट यांची डिझेल इंजिने १५०० सीसीच्या किंचित आत असल्याने त्यांना खालच्या टप्प्याचा लाभ मिळाला. जास्त रनिंग असणाऱ्या ग्राहकाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे.

जाहिरातीतील अ‍ॅव्हरेज आणि रस्त्यावरचे

कंपन्या जे अ‍ॅव्हरेज जाहीर करतात, त्यासाठीची चाचणी रस्त्यावर होत नाही. प्रयोगशाळेत गाडीची चाके रोलरवर फिरवून ती घेतली जाते. ही चाचणी सुमारे वीस मिनिटांची असते आणि तीत गाडीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या पुढे जात नाही. दोन गाड्यांची तुलना करण्यासाठी तिचा उपयोग होतो; परंतु घरखर्चाचा हिशेब तिच्या आधारे मांडणे धोक्याचे ठरते.

हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी ८० किलोमीटरवरून १०० वर गेल्यास तो सुमारे ५६ टक्क्यांनी वाढतो, तर १२० वर गेल्यास सव्वादोन पटीपर्यंत पोहोचतो. एसयूव्ही उंच आणि समोरून रुंद असल्याने तिला हा फटका सेडानपेक्षा अधिक बसतो. मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये पूर्णपणे खुला झाला. तेथे सपाट भागात मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मर्यादा आहे. त्या वेगाने सातत्याने गेल्यास शंभरच्या वेगाला मिळणारे अ‍ॅव्हरेज मिळणार नाही, हे गृहीतच धरावे. ज्यांचा जवळपास सर्व प्रवास उत्तम महामार्गावर आणि एक-दोन माणसांसह होतो, त्यांनी एसयूव्हीचा निर्णय पक्का करण्यापूर्वी सेडानचाही विचार करावा.

इंधनाचे गणित

उदाहरणादाखल वर्षाला ३० हजार किलोमीटरचे रनिंग धरू. पेट्रोल १०५ रुपये लिटर, डिझेल ९२ रुपये लिटर आणि सीएनजी ८० रुपये किलो असे दर आणि प्रत्यक्ष रस्त्यावर मिळू शकेल असे अ‍ॅव्हरेज गृहीत धरल्यास इंधनाचा हिशेब पुढीलप्रमाणे होतो.

टर्बो पेट्रोल (१४ किमी) : किलोमीटरला ७.५० रुपये, वर्षाला सुमारे २ लाख २५ हजार रुपये.
डिझेल (१८ किमी) : किलोमीटरला ५.११ रुपये, वर्षाला सुमारे १ लाख ५३ हजार रुपये.
स्ट्राँग हायब्रिड पेट्रोल (२१ किमी) : किलोमीटरला ५ रुपये, वर्षाला १ लाख ५० हजार रुपये.
सीएनजी (किलोला २१ किमी) : किलोमीटरला ३.८१ रुपये, वर्षाला सुमारे १ लाख १४ हजार रुपये.
विजेवरील (युनिटला ६ किमी) : घरी १० रुपये दराने चार्जिंग केल्यास किलोमीटरला १.६७ रुपये; रस्त्यावरील जलद चार्जरवर २२ रुपये दराने ३.६७ रुपये.

आपल्या गावातील दर आणि स्वतःचा अनुभव घालून प्रत्येकाने हे कोष्टक नव्याने मांडावे. डिझेल गाडी पेट्रोलपेक्षा १ लाख ४० हजार रुपयांनी महाग आहे असे धरले, तर वरील हिशेबाने हा फरक भरून निघण्यास सुमारे ५८ हजार ६०० किलोमीटर लागतात. वर्षाला ३० हजार किलोमीटर चालविणाऱ्याला त्यासाठी दोन वर्षे पुरतात. दहा हजार चालविणाऱ्याला जवळपास सहा वर्षे थांबावे लागते. महाराष्ट्रात डिझेल मोटारींवरील एकरकमी वाहन कर पेट्रोलपेक्षा जास्त आहे. त्यामुळे तुलना करताना शोरूममधील किमतीऐवजी ऑन रोड किंमत धरावी.

पेट्रोलच्या बाबतीत आणखी एक मुद्दा आहे. इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवर अ‍ॅव्हरेज काहीसे घटते. टर्बो पेट्रोल इंजिने चालकाच्या सवयीबाबतही संवेदनशील असतात. पाय हलका असेल तर ती चांगले अ‍ॅव्हरेज देतात. सतत ओव्हरटेक करणाऱ्याच्या हाती तेच इंजिन खर्चिक ठरते.

कोणत्या रस्त्याला कोणती गाडी?

डिझेल : एका दमात शंभर-दोनशे किलोमीटर जाणाऱ्या, घाट चढणाऱ्या आणि भरल्या गाडीने प्रवास करणाऱ्या ग्राहकाला डिझेल अजूनही सोयीचे आहे. कमी फेऱ्यांवर मिळणारी ओढण्याची ताकद आणि एका टाकीत मिळणारा मोठा पल्ला या त्याच्या जमेच्या बाजू आहेत. मात्र १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या ‘बीएस ६’ निकषांमुळे डिझेल गाड्यांत काजळी अडविणारा फिल्टर आला. साचलेली काजळी जळून जाण्यासाठी गाडी काही काळ स्थिर वेगाने चालावी लागते. शहरातील गर्दीत रोज थोडे थोडे अंतर कापणाऱ्यांच्या गाडीत हा फिल्टर तुंबतो आणि दुरुस्ती महागात पडते. एकूण रनिंग जास्त असले, तरी ते सर्व पुण्या-मुंबईच्या कोंडीत होत असेल, तर डिझेल टाळणे बरे. ‘बीएस ६’ लागू होताना मारुतीने डिझेल इंजिने बंद केली. त्यामुळे डिझेलच हवे असणाऱ्यांपुढील पर्याय मर्यादित आहेत.

सीएनजी : मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक या पट्ट्यात फिरणाऱ्यांसाठी आणि पंप रोजच्या वाटेवर असणाऱ्यांसाठी सीएनजी किफायतशीर आहे. एका वेळी साधारण आठ-नऊ किलो वायू बसतो, म्हणजे दोनशे किलोमीटरच्या आतच पुन्हा पंप गाठावा लागतो. रांगेत जाणारा वेळही हिशेबात धरावा. पंप विरळ असलेल्या भागांत गाडी बराच काळ पेट्रोलवरच धावते आणि बचतीचे गणित कोलमडते. ब्रेझा सीएनजीमध्ये सिलिंडर डिकीतील बरीचशी जागा व्यापतो. सप्टेंबर २०२४ मध्ये आलेल्या नेक्सॉन सीएनजीत दोन छोटे सिलिंडर डिकीच्या तळाशी बसविल्याने सामानाला जागा उरते. नमुन्यांच्या पेट्या वाहून नेणाऱ्या प्रतिनिधींनी हा फरक प्रत्यक्ष पाहावा. सिलिंडरची दर तीन वर्षांनी चाचणी करून घेणे बंधनकारक आहे.

हायब्रिड : मारुती ‘ग्रँड व्हिटारा’ आणि टोयोटा ‘हायरायडर’ या २०२२ मध्ये आलेल्या गाड्या चार मीटरपेक्षा लांब असून, एका पायरीने वरच्या वर्गातील आहेत. ब्रेक लावताना वाया जाणारी ऊर्जा बॅटरीत साठविण्यावर त्यांची बचत उभी असल्याने शहरात त्या विशेष काटकसरी ठरतात. महामार्गावर सलग मोठ्या वेगाने जाताना हा फायदा कमी होतो.

विजेवरील गाडी : घरी किंवा कार्यालयात चार्जिंगची सोय असेल आणि रोजचा फेरा ठरलेला असेल, तर इंधनखर्चात विजेच्या गाडीशी कोणीही स्पर्धा करू शकत नाही. महाराष्ट्र सरकारच्या २०२५ च्या धोरणानुसार विजेवरील मोटारींना मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, समृद्धी महामार्ग आणि अटल सेतूवर टोलमाफी देण्यात आली. मात्र वेग वाढताच गाडीचा पल्ला झपाट्याने घटतो. दिवसाला चारशे-पाचशे किलोमीटर आणि तेही अनोळखी तालुक्यांतून फिरणाऱ्यांनी वाटेवरील चार्जर आधी मोजावेत.

गिअर, आसन आणि सुरक्षितता

दिवसाचे पाच-सहा तास चाकामागे घालविणाऱ्याला आसन हा चैनीचा मुद्दा नसतो. मांड्यांना पुरेसा आधार आहे का, आसनाची उंची कमी-जास्त करता येते का, स्टीअरिंग पुढे-मागे होते का आणि डाव्या पायाला क्लचशिवाय टेकण्यासाठी जागा आहे का, हे तपासावे. महामार्गावर क्रूझ कंट्रोलमुळे उजव्या पायाला विश्रांती मिळते.

स्वयंचलित गिअरमध्ये एएमटी स्वस्त असते, पण गिअर बदलताना हिसका जाणवतो. टॉर्क कन्व्हर्टर किंचित जास्त इंधन घेतो. मात्र घाट, कोंडी आणि दीर्घ वापर यांत तो भरवशाचा समजला जातो. कोरड्या क्लचचे ड्युएल क्लच गिअरबॉक्स चपळ असले, तरी रखडत्या वाहतुकीत तापतात.

सुरक्षिततेच्या बाबतीत ‘भारत एनकॅप’ ही मूल्यांकन पद्धत ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. केवळ तारे पाहून थांबू नये. घेणार असलेल्या व्हेरिएंटमध्ये सहा एअरबॅग, इलेक्ट्रॉनिक स्टॅबिलिटी कंट्रोल आणि टायरमधील हवेचा दाब दाखविणारी यंत्रणा आहे का, हे विचारावे. काँक्रीटच्या रस्त्यावर दीर्घकाळ वेगाने जाताना हवा कमी असलेला टायर तापतो आणि फुटू शकतो. सनरूफ आणि दाबाची यंत्रणा यांपैकी एकच परवडत असेल, तर जास्त रनिंग असणाऱ्याने यंत्रणा निवडावी. दिव्यांचा प्रकाश पारखण्यासाठी टेस्ट ड्राइव्ह शक्यतो अंधार पडल्यावर घ्यावी.

हमीचे किलोमीटर मोजा

‘तीन वर्षे किंवा एक लाख किलोमीटर, यांपैकी जे आधी होईल ते’ अशी हमी असेल, तर वर्षाला ४० हजार किलोमीटर चालविणाऱ्याची हमी अडीच वर्षांतच संपते. काही कंपन्या किलोमीटरची अट न घालता हमी देतात. अशा ग्राहकासाठी ती सवलत रोख सुटीपेक्षा मोलाची आहे. विजेच्या गाड्यांच्या बॅटरीवर आठ वर्षे किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर अशी हमी सर्रास आढळते. तीही अशा वापरात चार वर्षांत संपते.

दर दहा हजार किलोमीटरला सर्व्हिसिंग धरल्यास वर्षाला तीन ते चार वेळा गाडी वर्कशॉपमध्ये जाते. तो प्रत्येक दिवस धंद्याच्या दृष्टीने बुडीत असतो. म्हणून सर्व्हिस सेंटर फिरतीच्या मार्गावर आहे का, हे पाहणे आवश्यक आहे. फोर्डने सप्टेंबर २०२१ मध्ये भारतातील उत्पादन थांबविण्याचा निर्णय जाहीर केला, तेव्हा इकोस्पोर्टच्या मालकांपुढे सुट्या भागांचा आणि पुनर्विक्रीच्या किमतीचा प्रश्न उभा राहिला. कंपनीचे जाळे किती पसरले आहे, हा मुद्दा त्यामुळे दुय्यम मानू नये.

खरेदीपूर्वी हे करावे

* महिनाभर रोजच्या किलोमीटरची नोंद ठेवावी. शहर, महामार्ग आणि घाट असे तीन रकाने करावेत.
* त्यावरून प्रत्येक इंधनाचा किलोमीटरमागील खर्च काढावा आणि ऑन रोड किमतीतील फरक किती अंतरात भरून निघतो ते पाहावे.
* टेस्ट ड्राइव्ह किमान तासभर आणि आपल्या नेहमीच्या रस्त्यावर घ्यावी. सोबत नेहमीचे सामान न्यावे.
* हमी, वाढीव हमी आणि देखभालीचे वेळापत्रक लेखी घ्यावे. त्यात वर्षांबरोबर किलोमीटरचीही मर्यादा तपासावी.
* एक लाख किलोमीटरपर्यंतच्या देखभालीचा अंदाजे खर्च सर्व्हिस सेंटरमधून मागून घ्यावा. टायरचे दोन संच लागतील, असे धरून चालावे.
* तेच मॉडेल एक लाख किलोमीटरपेक्षा जास्त चालविलेल्या किमान दोन मालकांशी बोलावे.