फ्रिक्शन स्टर वेल्डिंग: अणुकचऱ्याचा डबा धातू न वितळवता कसा बंद करतात?

अ‍ॅपमध्ये बग राहिला तर अपडेट पाठवता येतो. पण जमिनीखाली ५०० मीटरवर कायमचा ठेवलेला डबा नंतर दुरुस्त कोण करणार? स्वीडनमध्ये अणुभट्ट्यांमधलं वापरलेलं इंधन असंच खोल खडकात ठेवलं जाणार आहे. ते किमान १ लाख वर्षं सुरक्षित राहावं, असं गणित आहे. म्हणून डब्याच्या झाकणाचा जोड पहिल्याच वेळी नीट व्हायला हवा.

डबा कसा असतो?

स्वीडनमध्ये हे काम एसकेबी ही कंपनी बघते. डबा सुमारे ५ मीटर लांब आणि १ मीटरहून थोडा जास्त रुंद असतो. आत ओतीव लोखंड आणि बाहेर ५ सेंटिमीटर जाड तांब्याचं कवच. भरल्यावर वजन सुमारे २५ टन! खडकातल्या ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात तांबं फार हळू गंजतं, म्हणून ते निवडलं.

साधं वेल्डिंग का नाही?

तांबं उष्णता झटकन पसरवतं, त्यामुळे एवढा जाड जोड तापवणंच अवघड. शिवाय धातू वितळून पुन्हा घट्ट होताना आत बारीक पोकळ्या राहू शकतात.

फ्रिक्शन स्टर वेल्डिंग म्हणजे काय?

हे तंत्र १९९१ मध्ये ब्रिटनच्या टीडब्ल्यूआय या संस्थेत शोधलं गेलं. यात वेगाने फिरणारा जाड पिन जोडावर दाबून आत घुसवतात. घर्षणाने धातू तापून मऊ होतो आणि पिन दोन्ही बाजूंचा धातू एकत्र ढवळत पुढे सरकतो. दोन रंगांची कणीक एकत्र मळल्यासारखंच! तांबं १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं, पण इथे तापमान साधारण ८५० अंशांच्या आसपास ठेवतात. म्हणजे धातू वितळतच नाही. २०१२ च्या आयमॅकची बॉडी जोडायलाही अ‍ॅपलने हेच तंत्र वापरलं होतं.

चाचण्यांमध्ये काय शिकायला मिळालं?

ऑस्कर्सहाम्न इथल्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन बीम वेल्डिंगचीही चाचणी झाली. शेवटी २००५ मध्ये एसकेबीने फ्रिक्शन स्टर वेल्डिंग निवडलं. पण एक जोड चांगला जमणं वेगळं आणि हजारो जोड सारखेच जमणं वेगळं. मुख्य अडचणी अशा होत्या:

* तापमान: झाकणाभोवतीची एक फेरी सुमारे ३.३ मीटरची, तिला पाऊण तास लागतो. तेवढ्यात तांबं तापत जातं. फार थंड राहिलं तर जोडात दोष येतात, फार गरम झालं तर पिन तुटू शकतो. म्हणून कंट्रोलर सतत तापमान मोजून फिरण्याचा वेग बदलतो. फोन तापल्यावर प्रोसेसर स्वतःचा वेग कमी करतो, तसंच काहीसं.
* शेवटचं भोक: पिन बाहेर काढला की तिथे भोक उरतं. म्हणून फेरी संपल्यावर पिन जोडापासून वर, झाकणाच्या जादा भागात नेऊन काढतात. तो भाग नंतर कापून टाकला जातो.
* ऑक्साइड: गरम तांब्याला हवा लागली की ऑक्साइड बनून जोडात अडकतो. उपाय म्हणजे आर्गॉन वायूचं आवरण.

जोड पक्का आहे हे कसं कळतं?

अल्ट्रासाउंड आणि एक्स-रेने जोड तपासतात. चाचणीचे काही जोड तर चक्क कापून आत पाहिलं गेलं, म्हणजे तपासणीचं यंत्र खरं सांगतंय का तेही कळतं.

आता पुढे काय?

फोर्समार्कच्या भूमिगत साठ्याला स्वीडिश सरकारने जानेवारी २०२२ मध्ये परवानगी दिली आणि जानेवारी २०२५ मध्ये बांधकाम सुरू झालं. तिथे सुमारे ६,००० डबे ठेवले जातील. मात्र, तांबं खरंच इतकं टिकेल का, यावर काही स्वीडिश शास्त्रज्ञांनी शंका घेतली आणि २०१८ मध्ये पर्यावरण न्यायालयानेही त्याबद्दल आणखी पुरावे मागितले होते. वेल्डिंग पक्कं असलं तरी त्या प्रश्नाचं उत्तर धातूलाच द्यायचं आहे.