बाटग्या पावाची गोष्ट

वडापाव पहिल्यांदा कुणी विकला, हे आता शाळेतली पोरंही सांगतात. अशोक वैद्य, दादर स्टेशनच्या बाहेर, साल १९६६. कुणी दुसरंही नाव घेतात. तो वाद ज्यांचा त्यांनी मिटवावा. मला वड्याचं काही विचारायचं नाही, पावाचं विचारायचं आहे. जो पाव खाल्ला की माणूस बाटायचा, तो 'मराठी माणसाचं खाणं' कसा काय झाला?

आधी ही जोडी बघा, दोस्तहो. बटाटा दक्षिण अमेरिकेतला. पोर्तुगीजांनी आणला, नावही त्यांचंच राहिलं. मिरची त्याच वाटेनं आली. पाव हा शब्दसुद्धा त्यांच्याच बोलीतला. यात जुनं काय, तर हरभऱ्याचं पीठ आणि लसूण. म्हणजे ज्या खाण्यावर अस्मितेचे झेंडे लागले, त्यातलं निम्मं जहाजातून उतरलेलं.

गोव्यात पाव आंबवायला माडाची ताडी वापरत. तिथले ख्रिस्ती भटारी मुंबईत आले, मागाहून इराण्यांच्या बेकऱ्या निघाल्या. पाव मळणारे ख्रिस्ती, मुसलमान, इराणी. त्यात ताडी. सोवळ्यातल्या घरात तो शिरणार कुठून? पाव पायानं तुडवतात म्हणून त्याला पाव म्हणतात, अशीही एक थाप होती. माझ्या लहानपणी मी ती चांगल्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून ऐकली आहे. वसईकडं आणि गोव्याकडं तर गोष्टच सांगतात: पाद्र्यांनी रात्री विहिरीत पाव टाकला, सकाळी गाव पाणी प्यालं आणि अख्खं गाव बाटलं. गोष्ट खरी की खोटी, ते राहू द्या. एका पावाच्या तुकड्यानं विहीर फुटते आणि माणसं कायमची जातीबाहेर जातात, हे ऐकणाऱ्याला खरं वाटत होतं, एवढं पुरे.

आता पुण्याला चला. ऑक्टोबर १८९०. पंचहौद मिशनमध्ये व्याख्यान झालं, मग चहा-बिस्किटं आली. हजर असणाऱ्यांत रानडे होते, टिळक होते. कुणी चहा घेतला, कुणी नुसता पेल्याला हात लावला. गोपाळराव जोशींनी ही बातमी फोडली, 'पुणे वैभव'मध्ये नावं छापून आली आणि सगळ्या पुण्यात बोंब झाली. ग्रामण्य माजलं, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. शेवटी प्रायश्चित्तावर भागलं. टिळकांनी काशीला प्रायश्चित्त घेतल्याचं दाखवलं, पुढं १८९२ मध्ये रानड्यांनीही घेतलं. एका कप चहाची एवढी किंमत!

पण ती किंमत ठरलेली होती. भरली की माणूस परत जातीत. आपल्या लोकांना असला दर कुणी ठरवून दिला नव्हता. २० मार्च १९२७ ला महाडला चवदार तळ्याचं पाणी पिऊन लोक मंडपात परतले. काही जेवायला बसले होते. तेवढ्यात अफवा उठली की हे आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार. काठ्या घेऊन जमाव चालून आला. माणसं तर फोडलीच, शिजवलेलं अन्न मातीत तुडवलं. पुढं तळं 'शुद्ध' केलं, शेण-गोमूत्र-दूध-दह्याच्या १०८ घागरी ओतून. विहिरीतला पाव आणि तळ्यावरची आपली ओंजळ, दोन्हीचा गुन्हा एकच.

आता गिरणगावात येऊ. माझा बाप रिंग खात्यात होता. विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथं आपल्याला मज्जाव. कारण काय, तर कांडी बदलताना धोट्यातला दोरा तोंडानं ओढायला लागायचा. महाराच्या थुंकीचा धोटा सवर्ण कामगार तोंडाला कसा लावणार? १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न लावून धरला, तेव्हा लाल बावट्याच्या पुढाऱ्यांनी मागणी नाइलाजानं कबूल केली. संप भाकरीसाठी होता. तोंडाची गोष्ट निघाल्यावर मात्र एकजुटीला घाम फुटला.

खानावळीही जातवार आणि गाववार होत्या. साताऱ्याचा साताऱ्याच्या बाईकडं जेवणार, कोकणातला कोकणच्या. आपली माणसं आपल्या माणसांकडं. हॉटेलात कपबशीची भानगड. गावाकडं तर आपला कप बाहेर वेगळा ठेवलेला असायचा, आपणच धुवायचा.

या मुलखात वडापावाची गाडी आली. ती गाडी मी नीट बघितली आहे. तिच्यावर ताट नाही, वाटी नाही, कप नाही. रद्दीचा कागद, त्यात पाव, पावात वडा, वर लसणाची लाल चटणी. खाऊन झालं की कागद फेकून द्यायचा. ज्याच्यावर वेगळेपणा ठेवता येईल असं भांडंच नाही! शेजारी कोण उभा आहे हे पाळी चुकायच्या घाईत कोण विचारतो? शिवाशिव गेली म्हणून लोक एकत्र खायला लागले, असं काही झालं नाही. शिवाशिव पाळायला जागा आणि सवड उरली नाही, एवढंच झालं. तरी तेही थोडं नाही.

१८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, बरेच परत आत गेलेच नाहीत. कितीतरी जणांनी कढई मांडली. काल जो साचा चालवत होता, तो वडे तळायला लागला. या खाण्याचा गौरव करणारे हा भाग घाईघाईनं उरकतात.

आणि मुंबईच्या बाहेर? माझ्या चुलतभावानं एका तालुक्याच्या गावी स्टँडजवळ गाडी टाकली. वडा चांगला, गिऱ्हाईक तुटून पडायचं. एप्रिलात त्यानं गाडीवर बाबासाहेबांचा फोटो लावला. आठ दिवसांत गिऱ्हाईक निम्मं. कुणी भांडलं नाही, कुणी शिवी दिली नाही. नुसते पलीकडच्या गाडीवर जायला लागले. त्यानं फोटो काढला नाही, गाडी हलवली.

१९९६ ला मॅकडोनाल्ड आलं. जगभर गाईबैलाच्या मांसावर वाढलेली ही कंपनी इथं आली ती बीफ आणि डुकराचं मांस बाजूला ठेवून. तिचा खपाचा माल काय झाला? पावात बटाट्याची टिक्की! अमेरिकन कंपनीला जे चटकन कळलं, ते आपण कधी मोठ्यानं बोलत नाही. गाडीवर चढायचा परवाना बटाट्याला मिळतो. चान्यांना मिळत नाही.

चान्यांचं नाव काढलं की आपल्यातलेही खाली बघतात. बाबासाहेबांनी महाडला मेलेल्या जनावराचं मांस सोडायला सांगितलं. लोकांनी ते सोडलं आणि बरं केलं. ते सोडणं लाचारी सोडणं होतं. पण त्याच्याबरोबर भाकरी-चान्या, वजडी, रक्ती यांची आठवणही चुलीत घालायची काही गरज नव्हती. २०१५ मध्ये शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' आलं, तेव्हा महार-मांगांच्या चुलीवर काय शिजत होतं हे मराठीत निदान छापून तरी आलं. त्याच साली राज्यात बैल कापायलाही बंदी आली. गाय १९७६ च्या कायद्यातच होती.

तेव्हा पोरांनो, एक काम करा. तुमच्या आयांना, आज्यांना विचारा: ज्वारीच्या भाकरीबरोबर काय खायचात? मिलोच्या भाकरीबरोबर काय? ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला जाताना फडक्यात काय बांधायचात? त्या सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत लिहा. गावाचं नाव आणि साल टाका. आज्या फार दिवस राहणार नाहीत.