तळटीप : बडनेऱ्याची ‘फुकट सॉना’

* बडनेरा स्टेशनात मे महिन्यात अमरावतीच्या गाडीची वाट पाहणे म्हणजे फुकट सॉना, हा लेखकाचा विनोद वऱ्हाडी खाक्याचा आहे. पण अर्धाच खरा. उष्णतेने कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्त तिकडे धावते, आणि दाब टिकवण्यासाठी हृदयाला जोर लावावा लागतो. इथवर दोन्हींकडे सारखेच. फिनलंडच्या सॉनात हवा 80 ते 100 अंश सेल्सिअस तापते, नाडी मिनिटाला 100 ते 150 पर्यंत चढते. पण हवा कोरडी, बैठक जेमतेम पाव तासाची आणि लगेच गारवा. बडनेऱ्याचा पारा 45 च्या पुढे गेला की तो दिवसभर उतरत नाही. घामाबरोबर पाणी-मीठ जाते, रक्त आटते आणि हृदय थकते. त्याला ऊन लागणे म्हणतात, स्नान नव्हे.

फिनलंडमधील कुओपिओ भागातील 2,315 मध्यमवयीन पुरुषांच्या सुमारे 20 वर्षांच्या पाहणीत (2015 मध्ये प्रसिद्ध) आठवड्यातून 4 ते 7 वेळा सॉना घेणाऱ्यांत अचानक हृदय थांबून मरण्याचे प्रमाण, एकदाच घेणाऱ्यांच्या तुलनेत, 63 टक्क्यांनी कमी आढळले. मात्र धडधाकट माणूसच वारंवार सॉनात जातो, ही शंका उरतेच. आपल्याकडेही चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील स्वेदाध्यायात 13 प्रकारचे स्वेद, म्हणजे घाम काढण्याचे उपचार, आहेत. त्यांतला जेन्ताक, म्हणजे मधोमध भट्टी असलेली गोल खोली, सॉनाच्या बराच जवळचा. नेहमी मद्य पिणाऱ्याला स्वेद वर्ज्य, असे चरक बजावतो. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी सॉना आणि बडनेऱ्याचे ऊन, दोन्हींपासून लांब राहावे. — संपा.