दातांचा ब्रिज कसा बनतो? स्कॅनर, झिर्कोनिया आणि मिलिंग मशीनची गोष्ट

भोसरी एमआयडीसीत मी व्हीएमसी मशीनवर प्रोग्रॅमिंग करतो. डिझाइन फाइल येते, टूलपाथ बनतो, मशीन ठोकळ्यातून पार्ट कोरून काढतं. गेल्या वर्षी खालची एक दाढ काढावी लागली, डॉक्टरांनी तीन युनिटचा ब्रिज सुचवला, आणि मग कळलं की माझा दातही जवळपास असाच बनणार आहे. तुमच्यापैकी कुणावर ही वेळ आली तर आधी हे वाचा, कारण यातली एक पायरी उलटी फिरवता येत नाही.

ब्रिज म्हणजे नेमकं काय?

पडलेल्या दाताच्या दोन्ही बाजूंचे दात म्हणजे पुलाचे खांब. त्यांच्यावर कॅप बसतात आणि दोन कॅपच्या मधे खोटा दात जोडलेला असतो. तिन्ही मिळून एकच तुकडा, सिमेंटने चिकटवलेला. रात्री काढून ठेवायची भानगड नाही. खोट्या दाताला मूळ नसतं, म्हणून चावण्याचा सगळा भार शेजारचे दोघं उचलतात.

माझ्या कागदावर ४५-४६-४७ असे आकडे होते. पहिला अंक तोंडाच्या भागाचा: १ वरचा उजवा, २ वरचा डावा, ३ खालचा डावा, ४ खालचा उजवा. दुसरा अंक समोरच्या मधल्या दातापासून मोजायचा. म्हणजे ४६ ही खालची उजवी पहिली दाढ. हे वाचता आलं की बिलही कळतं. दर प्रत्येक युनिटचा असतो, त्यामुळे दात एक पडला तरी पैसे तीन युनिटचे. फोनवर भाव विचारताना हे आधी स्पष्ट करून घ्या.

तोंडातून फाइलपर्यंत

पूर्वी ट्रेमधे लगदा भरून तो दातांवर दाबून माप घ्यायचे. अजूनही बऱ्याच ठिकाणी घेतात आणि त्यात वाईट काही नाही. स्कॅनर असेल तर जाड पेनासारखा कॅमेरा दातांवरून फिरतो, भराभर फोटो जोडले जातात आणि स्क्रीनवर थ्रीडी जबडा उभा राहतो. फाइल बहुतेकदा एसटीएल, म्हणजे थ्रीडी प्रिंटिंगवाल्यांच्या रोजच्या वापरातली. ती लॅबला जाते, तिथे सॉफ्टवेअरमधे ब्रिजचं डिझाइन होतं. हे तंत्र नवं वाटतं, पण खुर्चीशेजारीच स्कॅन करून दाताचा तुकडा कोरून बसवण्याचा पहिला प्रयोग झुरिकमधे १९८५ साली झाला होता.

पुढचा भाग मला सगळ्यात भारी वाटला. झिर्कोनियाची पांढरी डिस्क कोरताना खडूसारखी मऊ असते. ब्रिज मुद्दाम २०-२५ टक्के मोठा कोरतात. मग भट्टीत साधारण १५०० अंश सेल्सिअसला भाजला की तो आकसून बरोबर मापात येतो आणि दगडासारखा कडक होतो. स्टीलमधे आम्ही असं काही केलं तर क्वालिटीवाले घरी पाठवतील! गंमत म्हणजे गाडीच्या सायलेन्सरच्या पाइपमधे जो ऑक्सिजन सेन्सर असतो, त्यातही बहुतेकदा झिर्कोनियाच असतं. चाकणला गाड्या जोडणाऱ्या मित्राला सांगितलं तर तो हसतच सुटला.

स्वस्त पर्याय म्हणजे आत धातू आणि वर पोर्सिलेन. टिकतो चांगला, पण वरचं पोर्सिलेन कधी कधी टवका उडून निघतं आणि हिरडीजवळ काळपट रेघ दिसू शकते. मागच्या दाढेला रेघ कोण बघतंय?

न फिरणारी पायरी

कॅप बसायला जागा हवी, म्हणून शेजारचे दात चारही बाजूंनी आणि वरून घासून लहान करतात, साधारण एक ते दोन मिलिमीटर. घासलेलं इनॅमल परत येत नाही. दोन्ही शेजारी अगदी धडधाकट असतील तर इम्प्लांटबद्दल नक्की विचारा. त्यात हाडात टायटॅनियमचा स्क्रू बसवतात, शेजाऱ्यांना हात लागत नाही. खर्च जास्त आणि बरेच महिने लागू शकतात. उलट शेजाऱ्यांना मोठं फिलिंग किंवा रूट कॅनाल असेल तर त्यांना तसंही कॅप लागतेच, तिथे ब्रिज पटतो.

माझ्या ४७ ला रूट कॅनाल झालेलं होतं, ४५ मात्र एकदम चांगला. तो घासायचा या विचाराने मी दोन आठवडे अडलो होतो. पिंपरीतल्या डेंटल कॉलेजमधे दुसरं मत घेतलं. अशा कॉलेजात शिकाऊ डॉक्टर शिक्षकांच्या देखरेखीखाली काम करतात, खर्च कमी येतो, फेऱ्या जास्त होतात. तिथेही ब्रिजच सुचवला, म्हणून हो म्हटलं. एक चूक माझीच. शिफ्टच्या नादात दीड वर्ष ती जागा रिकामी ठेवली होती. तेवढ्यात समोरची वरची दाढ खाली सरकली आणि तीही थोडी घासावी लागली.

बसवण्याआधी ट्रायल मागाच. कॅपची कड आणि दात यांच्यात फट मोठी राहिली तर सिमेंट झिजतं, आत कीड लागते, आणि कॅपखाली ती दिसतही नाही. उंच वाटलं तर तिथल्या तिथे सांगा. निळा कागद चावायला देऊन ते घासून देतात. "होईल सवय" म्हणून घरी येऊ नका.

ब्रिजच्या खालून ब्रश जात नाही. खोट्या दाताखालून सुपरफ्लॉस किंवा बारीक इंटरडेंटल ब्रश रोज फिरवावा लागतो. नीट राखला तर दहा-पंधरा वर्षं सहज जातात. स्कॅनची फाइल आणि झिर्कोनियाचं वॉरंटी कार्ड मात्र त्याच दिवशी मागून घ्या. माझी फाइल ईमेलवर आहे, फोनवरच्या एसटीएल व्ह्यूअरमधे उघडते, आणि कंपनीत ती सगळ्यांना दाखवून झाली आहे.