साथ, सरकार आणि कामाचे तास

'टाळेबंदी' हा शब्द आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांच्या कानांना नवा नाही. आमच्या भाषेत टाळेबंदी म्हणजे मालकाने कारखान्याच्या फाटकाला कुलूप ठोकणे. मार्च २०२० मध्ये सरकारने साऱ्या देशालाच टाळेबंदी लावली, तेव्हा शिरोलीच्या एका फाउंड्रीतला मोल्डर आम्हांला फोनवर म्हणाला, "आण्णा, मालकानं टाळं लावलं तर लेबर कोर्ट हाय. सरकारनं लावलं तर कुठं जायचं?"

आमचे शाळेतले शिक्षण नववीपर्यंतचे. त्या प्रश्नाला तेव्हा आमच्याकडे उत्तर नव्हते. पुढे शब्दकोश शेजारी ठेवून निकालपत्रे वाचीत गेलो. आज जे सांगावयाचे आहे ते त्या वाचनातले आहे आणि काही डोळ्यांदेखत घडलेले आहे.

या प्रश्नाचे मूळ सव्वाशे वर्षे मागे आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेगची गाठ सापडली. ऑक्टोबरच्या अखेरीस हजारभर गिरणी कामगार आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेले. रोग्याला एकदा तिथे नेले की तो परत येत नाही, अशी त्यांची समजूत होती. पुढे माणसे गावाकडे पळू लागली. गिरण्या ओस पडल्या आणि मजूर मिळविण्यासाठी मालक नाक्यानाक्यावर एकमेकांवर बोली चढवू लागले. (कामगाराचा भाव मालकाने स्वतःहून वाढविल्याची उदाहरणे इतिहासात फार नाहीत, म्हणून हे नोंदवून ठेवतो.) ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. चारच कलमांचा कायदा. सरकारला योग्य वाटतील ते उपाय करावेत, न मानणाऱ्याला दंड संहितेखाली शिक्षा व्हावी आणि सद्भावनेने केलेल्या कृत्याबद्दल कोणावरही दावा चालू नये. या शेवटल्या कलमातच मोल्डरच्या प्रश्नाचे त्या काळचे उत्तर होते. कुठेही जायचे नाही!

पुण्यात रँडच्या कारकिर्दीत गोऱ्या शिपायांनी घरे तपासली, माजघरापर्यंत बूट गेले. २२ जून १८९७ च्या रात्री चापेकर बंधूंच्या गोळ्या सुटल्या आणि सप्टेंबरात टिळकांना राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची शिक्षा झाली. म्हणजे न्यायालय उघडे होते, पण ते सरकारला रयतेविरुद्ध जाण्यासाठी. आणखी एक गोष्ट पाठ्यपुस्तके सांगत नाहीत. गिरणी कामगारांना आठवड्याची सुटी मिळवून देणारे नारायण मेघाजी लोखंडे प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता त्याच फेब्रुवारीत प्लेगनेच गेले. कामगार चळवळीचा पहिला पुढारी साथीत गेला, ही आमच्या घराण्यातली गोष्ट आहे असे आम्ही समजतो.

हाच १८९७ चा कायदा मार्च २०२० मध्ये महाराष्ट्राने कपाटातून काढला. जोडीला २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा होता. मात्र मध्यंतरी १९५० साल येऊन गेले होते. जगण्याचा हक्क देणारे २१ वे कलम, वेठबिगार बंद करणारे २३ वे, आणि हक्कभंग झाला तर थेट सर्वोच्च न्यायालयात जाऊ देणारे ३२ वे. २०२० मध्ये राज्यघटनेतली आणीबाणी कोणी पुकारली नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे. कागदावर तरी एकही हक्क तहकूब झाला नव्हता.

प्रत्यक्षात काय झाले? २९ मार्चला केंद्राच्या गृहखात्याने हुकूम काढला की, बंद काळाचे वेतन मालकांनी कपात न करता द्यावे. ३० एप्रिलला उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने काही भत्ते वगळून ते द्यावे असे सांगितले. आमच्या माणसांना धीर आला. पण ८ मे च्या पहाटे त्याच औरंगाबादजवळ करमाडला रुळांवर झोपलेले सोळा मजूर मालगाडीखाली गेले. पुढच्याच आठवड्यात, १५ मे ला, चालत निघालेल्या मजुरांविषयीचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला. चालणाऱ्यांना आम्ही कसे थांबविणार, असे म्हणून न्यायालयाने तो घेतला नाही. २६ मे रोजी त्याच न्यायालयाने आपण होऊन दखल घेतली. २८ तारखेला मजुरांकडून रेल्वे-बसचे भाडे घेऊ नये असे बजावले आणि ९ जूनला, टाळेबंदी मोडल्याबद्दल त्यांच्यावर घातलेले खटले मागे घेण्याचा विचार करा, असे सरकारांना सांगितले. आदेश चांगलेच होते. पण तोवर चालणारे बहुतेक घरी पोचले होते.

वेतनाच्या हुकमाचेही तसेच. केंद्राने तो १८ मे पासून मागे घेतला आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालकांवर सक्तीची कारवाई नको, उभयपक्षांनी बोलणी करून मिटवावे. बोलणी आम्ही जन्मभर करीत आलो. बोलण्यांचे आम्हांला वावडे नाही. परंतु टेबलाच्या एका बाजूला मालक आणि वकील, दुसऱ्या बाजूला आम्ही एकटे, आणि ज्यांच्या पगाराची बोलणी ते बिहारात, ही बोलणी कसली? उच्च न्यायालयात जावे तर तेव्हा कोल्हापूरहून मुंबई गाठावी लागे. गाड्या बंद, जिल्ह्याची हद्द ओलांडावयास पास. कोल्हापूरचे सर्किट बेंच सुरू झाले ते ऑगस्ट २०२५ मध्ये.

या साऱ्या काळातला एक निकाल मात्र आम्ही फाटकावर उभे राहून कामगारांना वाचून दाखविला. तो गुजरातचा. तिथल्या सरकारने १७ एप्रिल २०२० रोजी अधिसूचना काढली की कारखान्यात दिवसाला बारा तास, आठवड्याला बहात्तर तास काम घेता येईल. विश्रांती सहा तासांनी अर्धा तास. आणि जादा तासांना दुप्पट नव्हे, एकपट दर. अधिसूचनेतच उदाहरण होते. आठ तासांचे ऐंशी रुपये असतील तर बारा तासांचे एकशेवीस. आमच्या मोल्डरने खडूने साच्याच्या पेटीवर हिशेब मांडला. तासाला दहा रुपये. अठ्ठेचाळीस तासांचे ४८०, वरच्या चोवीस तासांचे दुपटीने ४८०, एकूण ९६०. अधिसूचनेप्रमाणे ७२०. दर आठवड्याला २४० रुपये, म्हणजे कमाईचा चौथा हिस्सा, साथीच्या नावाने गेला.

या आठ तासांनाही इतिहास आहे. डॉ. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना १९४६ च्या दुरुस्तीने आठवडा अठ्ठेचाळीस तासांवर आला आणि १९४८ च्या कारखाने कायद्याने तो पक्का केला. त्या कायद्याच्या पाचव्या कलमात 'सार्वजनिक आणीबाणी'त सूट देण्याची सोय होती. गुजरात सरकारने बोट ठेवले ते याच कलमावर. गुजरात मजदूर सभा ही युनियन सर्वोच्च न्यायालयात गेली. १ ऑक्टोबर २०२० रोजी न्या. चंद्रचूड, न्या. इंदू मल्होत्रा आणि न्या. जोसेफ यांनी अधिसूचना रद्द केल्या. कलमातली आणीबाणी म्हणजे युद्ध, परचक्र किंवा अंतर्गत अशांतता यांमुळे देशाची सुरक्षितता धोक्यात येणे. महासाथीने धंदा मंदावला, तिजोरीवर ताण आला, हे खरे. पण ती ही आणीबाणी नव्हे. माणुसकीच्या अटी आणि जादा कामाचा मोबदला नाकारणे हा २१ व्या आणि २३ व्या कलमांतल्या हक्कांवर घाला आहे, असेही न्यायालयाने म्हटले. अधिसूचना निघाल्यापासूनचा जादा तासांचा मोबदला नियमाप्रमाणे द्यावा, असा हुकूम झाला. दुसऱ्या अधिसूचनेची मुदत १९ ऑक्टोबरला संपणारच होती. तरीही मागचा पैसा देवविणारा हुकूम आम्हांला मोलाचा वाटतो, कारण साथीचे नाव घेऊन घेतलेली मजुरी ही मजुरीच राहते, दान होत नाही, हे त्यात मान्य झाले.

निकालाच्या तीनच दिवस आधी, २८ सप्टेंबरला, नव्या श्रमसंहितांवर राष्ट्रपतींची सही झाली होती. त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आणि १९४८ चा कारखाने कायदा, त्याच्या पाचव्या कलमासह, इतिहासजमा झाला. सामाजिक सुरक्षेच्या संहितेत तर 'महासाथ' हा शब्दच आला आहे. तशी वेळ आली तर मालक-कामगारांच्या वर्गण्या तीन महिन्यांपर्यंत पुढे ढकलण्याची किंवा कमी करण्याची मुभा सरकारला मिळाली. आता नव्या शब्दांचा अर्थ लावून घेण्यासाठी नव्याने कोणाला तरी पायरी चढावी लागेल.

शिरोलीच्या त्या कारखान्यात आमच्या बोलण्यांतून एप्रिलचा अर्धा पगार मान्य झाला, मे महिन्याचा काहीच नाही. अट एकच. ज्याने त्याने स्वतः येऊन सही करून पैसे न्यावेत. वही आमच्याकडे ठेवली होती. सत्तावीस नावे होती. दिवाळीपर्यंत अठराजण परतले, त्यांनी सह्या केल्या. उरलेल्या नऊ नावांपुढची जागा अजून कोरी आहे.